लस टोचल्यानंतरचा ताप

लसीकरणास उघड विरोध करणारी माणसे आपल्याकडे आता फारशी उरलेली नाहीत. मूल जन्मास आले की त्यास लस टोचून घ्यावयाची असते, ही गोष्ट गोव्यातील वाड्यावाड्यांवर ठाऊक झालेली आहे. तरीही दीड महिन्याची लस देऊन नेलेले एखादे मूल अडीच महिन्यांच्या लसीस येत नाही, आणि अंगणवाडी सेविका चौकशीस गेली म्हणजे घरातून उत्तर मिळते, ‘मागल्या खेपेस पोर रात्रभर तापाने फणफणले, आता नको.’ हे उत्तर अज्ञानाचे म्हणून हसण्यावारी नेण्यासारखे नाही. हसतेखेळते मूल केंद्रात न्यावे आणि रात्री ते तापलेले पाहावे, असा जिचा अनुभव आहे त्या मातेला त्या तापाचा अर्थ कोणीतरी आधीच समजावून सांगावयास हवा होता. लस कोणती व कोणासाठी, ती घेतल्यावर काय होणे स्वाभाविक आहे, आणि कोणती लक्षणे दिसताच मात्र वेळ न दवडता डॉक्टरांकडे धाव घ्यावी, याची माहिती येथे त्याच दृष्टीने दिली आहे.

‘लस’ हा शब्द मुळात जखमेतून वा फोडातून पाझरणाऱ्या पातळ द्रवाचा वाचक आहे. एडवर्ड जेन्नर याने १७९८ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत गायीच्या देवीच्या फोडातील असाच द्रव माणसाच्या दंडावर टोचला जाई. हिंदुस्थानात ही लस प्रथम १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीस देण्यात आली, आणि तेथून एका मुलाच्या दंडावरील फोडातून दुसऱ्याच्या दंडात अशी ती गावोगाव नेण्यात आली. आपल्या भाषेत या क्रियेस ‘देवी काढणे’ असे नाव पडले. ज्यांच्या लहानपणी देवी काढल्या गेल्या त्या वडीलधाऱ्यांच्या दंडावर ते वण आजही पाहावयास मिळतात. त्या काळी दंडावर फोड उठला नाही तर लस ‘लागली नाही’ असे मानून ती पुन्हा टोचीत. म्हणजे शरीराने काही प्रतिक्रिया दाखविणे हे तेव्हा शुभचिन्ह समजले जात असे. १९७५ च्या मे महिन्यानंतर भारतात देवीचा नवा रुग्ण आढळला नाही आणि १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने हा रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर केले. देवीची लस टोचणे त्यानंतर बंद झाले. परंतु त्या पिढीला असलेली ही समज नव्या लसींच्या बाबतीत मात्र पुरेशी रुजली नाही असे वाटते.

लस म्हणजे रोगजंतूंचे दुर्बळ केलेले, मारलेले किंवा त्यांच्या एखाद्या अंशापासून तयार केलेले रूप होय. ते शरीरात शिरताच रक्तातील संरक्षक पेशी त्यास परके म्हणून ओळखतात, त्याविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करतात आणि ती ओळख जपून ठेवतात. पुढे खरा रोगजंतू आला तर तयारीस वेळ लागत नाही. ही पहिली जमवाजमव चालू असताना शरीराचे तापमान काही काळ वाढते, टोचलेली जागा लाल होते व दुखते. ताप आलाच नाही तर लस निरुपयोगी ठरली असे मात्र नव्हे. कित्येक मुलांना काहीच होत नाही आणि त्यांनाही तितकेच संरक्षण मिळते.

जन्मतः द्यावयाच्या लसी

मूल रुग्णालयात जन्मले असेल तर घरी जाण्यापूर्वीच त्यास तीन लसी मिळतात. काविळीच्या ‘ब’ प्रकारावरील लस जन्मानंतर २४ तासांच्या आत द्यावयाची असते, कारण हा विषाणू प्रसूतीच्या वेळी मातेकडून बाळाकडे जाऊ शकतो. पोलिओचे थेंब त्याच वेळी पाजतात. तिसरी लस क्षयरोगावरील बी. सी. जी. ही असून ती डाव्या दंडावर कातडीत टोचली जाते. लहान मुलांना होणाऱ्या क्षयाच्या भयंकर प्रकारांपासून, विशेषतः मेंदूच्या आवरणाच्या क्षयापासून, ती संरक्षण देते.

बी. सी. जी. विषयी थोडे सविस्तर सांगणे जरूर आहे, कारण तिचा परिणाम उशिरा दिसतो. टोचल्यावर दोन ते सहा आठवड्यांनी त्या जागी मसुराएवढी पुळी येते, ती वाढते, फुटते, तिच्यातून थोडा पू येतो व काही आठवड्यांत ती सुकून लहानसा वण राहतो. लस टोचल्याचा दिवस तोपर्यंत घरातील मंडळी विसरून गेलेली असतात. मग या पुळीवर हळद, तेल, चुना, मलम असे नाना उपचार सुरू होतात. यांपैकी कशाचीही आवश्यकता नाही. जागा स्वच्छ व कोरडी ठेवावी, नेहमीप्रमाणे आंघोळ घालावी, एवढेच पुरे. क्वचित डाव्या काखेत गाठ येते; ती बहुधा आपोआप जिरते, पण मोठी होऊ लागली किंवा फुटली तर डॉक्टरांना दाखवावी. वण राहिला नाही म्हणून लस पुन्हा टोचण्याचे कारण नाही.

दीड, अडीच आणि साडेतीन महिने

बाळाच्या लसीकरणातील सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत जास्त गळती होणारा टप्पा हाच. सहा, दहा व चौदा आठवडे पूर्ण झाल्यावर पंचगुणी लस दिली जाते. तिला केंद्रात ‘पेंटा’ म्हणतात. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, ‘ब’ कावीळ आणि हिब नावाच्या जंतूमुळे होणारा न्युमोनिया व मेंदुज्वर या पाचांविरुद्ध ती एकाच सुईतून संरक्षण देते. हिच्याच जोडीला पोलिओचे थेंब व रोटाव्हायरसमुळे होणाऱ्या तीव्र जुलाबांवरील लस तोंडाने पाजतात. सहाव्या व चौदाव्या आठवड्यांत पोलिओची सुई आणि न्युमोनियावरील पी. सी. व्ही. लस टोचतात. एकाच दिवशी एवढ्या सुया पाहून आजी कळवळते, हे स्वाभाविक आहे. परंतु या लसी एकत्र दिल्याने त्यांचा प्रभाव कमी होत नाही व अपायही वाढत नाही. उलट प्रत्येकीसाठी वेगळी फेरी घातली तर बाळ अधिक काळ असंरक्षित राहते.

ताप येतो तो मुख्यतः पंचगुणी लसीमुळे, आणि त्यातही तिच्यातील डांग्या खोकल्याच्या भागामुळे. हा भाग संपूर्ण मृत जंतूंपासून केलेला असल्याने शरीराची प्रतिक्रिया जोमाची असते. बहुधा त्याच दिवशी सायंकाळी अंग तापते, मांडी दुखते, बाळ किरकिरते, दूध थोडे कमी ओढते. एकदोन दिवसांत हे सारे ओसरते. परिचारिकेने सांगितलेल्या प्रमाणात, म्हणजे बाळाच्या वजनानुसार, पॅरासिटामॉल द्यावे. ॲस्पिरिनची गोळी कुटून देऊ नये. अंगावर पाजणे चालूच ठेवावे, अंगात हलके कपडे असावेत. मांडीवर गार पाण्याची स्वच्छ घडी ठेवण्यास हरकत नाही. मात्र ती जागा चोळू नये व शेकू नये. काही बाळांच्या मांडीत सुपारीएवढी टणक गाठ राहते व ती जिरण्यास काही आठवडे लागतात. ती दुखत नसेल आणि लाल होत नसेल तर काळजीचे कारण नाही.

याहून कमी वेळा आढळणाऱ्या, पण पाहणाऱ्याचा जीव घाबरा करणाऱ्या गोष्टी दोन-तीन आहेत. एखादे बाळ तीन तासांहून अधिक वेळ एकसारखे किंचाळून रडते. एखाद्यास तापाच्या भरात आकडी येते. क्वचित एखादे बाळ काही वेळ निस्तेज व लुळे पडल्यासारखे होते. अशा वेळी त्यास तत्काळ डॉक्टरांकडे नेलेच पाहिजे. तथापि या प्रकारांतून मुले पूर्ण बरी होतात व मागे कायमचे वैगुण्य राहत नाही, असा अनुभव आहे. आकडी आली असता मुलास कुशीवर निजवावे, तोंडात चमचा वा पाणी घालू नये, आणि कांदा किंवा चप्पल हुंगविण्यात तर क्षणही घालवू नये.

खाजगी दवाखान्यांत ‘न दुखणारी’ म्हणून एक महागडी लस मिळते. तिच्यात डांग्या खोकल्याच्या जंतूचे मोजकेच अंश असल्याने ताप कमी येतो, हे खरे. मात्र तिने मिळणारे संरक्षण लवकर ओसरते, असे तिचा वापर करणाऱ्या देशांत दिसून आले आहे. तेव्हा सरकारी केंद्रातील विनामूल्य लस हलक्या प्रतीची आहे आणि म्हणून ताप येतो, हा ग्रह पालकांनी मनातून काढून टाकावा.

या तापाच्या भयाची मोठी किंमत सुशिक्षित देशांनीही मोजलेली आहे. १९७४ साली ब्रिटनमध्ये काही डॉक्टरांनी डांग्या खोकल्याच्या लसीमुळे मुलांच्या मेंदूस इजा होत असावी असा संशय प्रकट केला. वृत्तपत्रांनी तो उचलून धरला. लस घेणाऱ्या मुलांचे प्रमाण सुमारे ८० टक्क्यांवरून सुमारे ३० टक्क्यांवर आले आणि १९७७ ते १९७९ च्या साथीत एक लाखाहून अधिक रुग्णांची नोंद झाली. जपानमध्ये लसीनंतर दोन बालके दगावल्यामुळे १९७५ साली ही लस काही काळ थांबविण्यात आली. त्यापूर्वी तेथे या रोगाने मृत्यू जवळजवळ होतच नव्हते. १९७९ साली १३,००० हून अधिक रुग्ण झाले व ४१ मुले मरण पावली. आणि मेंदूच्या इजेचे काय? २००६ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी, लसीमुळे मेंदू बिघडला असे ज्यांच्याविषयी मानले जात होते अशा १४ जणांची तपासणी केली. त्यांतील ११ जणांत अपस्माराचा एक गंभीर प्रकार उत्पन्न करणारा जन्मजात जनुकीय दोष आढळून आला. लसीच्या तापाने झटका थोडा आधी येऊ शकतो. परंतु मूळ व्याधी लसीने दिलेली नव्हती.

गोवर आणि पोलिओ

नऊ महिने पूर्ण होताच गोवर-रुबेलाची पहिली व सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान दुसरी मात्रा द्यावयाची असते. २०१७ च्या फेब्रुवारीत या लसीची जी मोठी मोहीम देशात सुरू झाली तिच्या पहिल्याच टप्प्यात गोव्याचा समावेश होता, आणि नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांखालील मुलांना शाळाशाळांतून ती देण्यात आली. रुबेला मुलांना फारसा त्रास देत नाही. परंतु गर्भवती स्त्रीस तो झाला तर पोटातील बाळास मोतीबिंदू, बहिरेपणा अथवा हृदयदोष होण्याचा धोका असतो.

या लसीतील विषाणू जिवंत पण दुर्बळ असतो. त्यामुळे तिचा ताप त्याच रात्री न येता सुमारे सात ते बारा दिवसांनी येतो, व काही मुलांच्या अंगावर बारीक पुरळही उठते. ‘लस देऊनही गोवर आलाच’ अशी समजूत यातूनच पसरते. हे पुरळ सौम्य असते आणि दोन-तीन दिवसांत मावळते.

पोलिओच्या थेंबांनी काहीही त्रास होत नाही, हे जवळजवळ खरे आहे. लाखो मात्रांमागे एखाद्या बालकास थेंबांतील विषाणूमुळेच लुळेपणा येण्याचा संभव असतो, ही गोष्ट लपविण्याचे कारण नाही. १३ जानेवारी २०११ नंतर आपल्या देशात निसर्गातील पोलिओचा रुग्ण आढळलेला नाही; त्यामुळे हा अल्पसा धोकाही कमी करण्याकडे लक्ष वळले. २०१५ च्या अखेरीस मृत विषाणूची सुई कार्यक्रमात आली आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये थेंबांतील दुसऱ्या प्रकारचा विषाणू काढून टाकण्यात आला. थेंब पाजल्यावर लगेच अंगावर पाजण्यास प्रत्यवाय नाही. रोटाव्हायरसच्या लसीनंतर मात्र फार क्वचित आतड्यात पीळ पडल्यासारखा अडथळा होतो. बाळ वरचेवर कळवळून रडू लागले, उलट्या झाल्या, शौचातून रक्त पडले तर रुग्णालयात न्यावे.

मोठी मुले व प्रौढ

सोळा ते चोवीस महिन्यांत आणि पुन्हा पाच ते सहा वर्षांच्या वयात त्रिगुणी लसीची वर्धक मात्रा असते. दहाव्या व सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची ‘टीडी’ लस असते. या वयाची मुले सुईच्या धास्तीने चक्कर येऊन पडतात; त्यांना बसवून टोचावे व थोडा वेळ बसवूनच ठेवावे. एकामागून एक मुली भोवळ येऊन पडल्या म्हणजे लस विषारी होती अशी आवई उठते. वस्तुतः ती भीतीचीच लागण असते.

गर्भवती स्त्रीने टीडीच्या दोन मात्रा चार आठवड्यांच्या अंतराने घ्यावयाच्या असतात. मागील तीन वर्षांत गरोदरपणी दोन्ही झाल्या असतील तर एक वर्धक मात्रा पुरते. नवजात अर्भकाचा धनुर्वात बहुधा जन्मापासून तिसऱ्या ते चौदाव्या दिवसांदरम्यान उद्भवतो. सटवीच्या रात्री जागणाऱ्या जुन्या बायकांना त्या दिवसांचे भय चांगलेच ठाऊक होते. २०१५ साली भारतातून माता व नवजातांच्या धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे मान्य झाले, त्यात या साध्या सुईचा, तसेच स्वच्छ प्रसूतीचा, वाटा मोठा आहे. हिचा त्रास म्हणजे दंड एखाद-दुसरा दिवस दुखणे.

कुत्रा चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लसीची पहिली मात्रा घ्यावी. २०२१ साली गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. पण म्हणून चाव्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही, कारण लक्षणे उमटल्यावर या रोगावर उपाय नाही. खोल जखमेत लसीबरोबर प्रतिद्रव्याचे इंजेक्शनही द्यावे लागते. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनीही ही लस निःशंकपणे घ्यावी. सारे वेळापत्रक पुरे करावे. कुत्रा जिवंत दिसला म्हणून डॉक्टरांना न विचारता मध्येच सोडू नये.

लस केव्हा देऊ नये

सर्दी, हलका ताप, साधे जुलाब, कमी वजन, वेळेआधी झालेला जन्म ही कारणे लस पुढे ढकलण्याची नव्हेत. तीव्र आजारी मुलास बरे होईपर्यंत थांबावे. पूर्वीच्या मात्रेनंतर श्वास कोंडणे, अंगभर गांधी उठणे, शुद्ध हरपणे असे घडले असेल तर ती लस पुन्हा देऊ नये. रोगप्रतिकारशक्ती अत्यंत क्षीण असलेल्या मुलास, किंवा गर्भवतीस, गोवर-रुबेलासारखी जिवंत लस देत नाहीत. वर सांगितलेली तीव्र प्रतिक्रिया दशलक्ष मात्रांमागे एखादीच होते, पण होते ती बहुधा काही मिनिटांतच. म्हणूनच लस दिल्यावर अर्धा तास केंद्रात थांबावयास सांगतात. तेथे त्यावरील इंजेक्शन तयार असते. भातलावणीचे दिवस असोत वा म्हापशाचा शुक्रवारचा बाजार असो, हा अर्धा तास कापू नये.

लसीनंतर घडलेली प्रत्येक गोष्ट लसीमुळे घडलेली असतेच असे नाही. तान्ह्या वयात अनेक आजार तसेही येतात. तथापि मानवी चूक कधीच होत नाही, असा दावा कोणीही करू नये. गोवर-रुबेला व बी. सी. जी. या लसी पूड स्वरूपात येतात व त्या द्रवात कालविल्यानंतर चार तासांत वापराव्या लागतात; नंतर उरलेली लस टाकून द्यावयाची असते. तशी न टाकता वापरल्यास तिच्यात जंतू वाढून काही तासांतच मुलास उलट्या, जुलाब व भयंकर ताप होऊ शकतो. म्हणून कुपी केव्हा उघडली हे पालकांनी विचारावे. चांगल्या परिचारिकेस त्याचा राग येत नाही. बहुतेक कुप्यांवर वर्तुळात एक फिकट चौकोन असतो. उष्णता लागेल तसा तो गडद होत जातो. चौकोन वर्तुळाच्या रंगाइतका झाला की ती कुपी बाद.

खंड पडलेल्या मुलांविषयी एक गैरसमज आढळतो. मध्ये कितीही महिने गेले तरी मात्रा पहिल्यापासून सुरू कराव्या लागत नाहीत. जेथे थांबले तेथून पुढे देतात. पहिल्या बाळंतपणास स्त्रिया माहेरी बेळगाव, खानापूर, सावंतवाडीकडे जातात व लसीकरणाचे कार्ड तिकडेच राहून जाते. कोणत्याही राज्यातील सरकारी केंद्रात दिलेली मात्रा येथेही धरली जाते. मात्र तिचा पुरावा हवा. कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बाळाबरोबर न्यावे.

मागील खेपेस मुलास जे काही झाले, किती वाजता ताप आला, किती वेळ रडले, आकडी आली का, हे पुढील मात्रेपूर्वी परिचारिकेस सांगावे. गंभीर घटनेची नोंद होऊन जिल्हा पातळीवर चौकशी केली जाते. या नोंदीने मुलाचे सारे लसीकरण बंद पडते ही समजूत चुकीची आहे. एखाद्या मुलास डांग्या खोकल्याचा भाग देणे इष्ट नाही असे डॉक्टरांस वाटले तर तेवढाच गाळून बाकीच्या लसी ठरल्या वेळी देता येतात, आणि तसा शेरा कार्डावर लिहून घेता येतो.